यांच्या नंबरवर आता कोण आहे

अव्वा, त्या सकाळी तू परातीत ज्वारीचं पीठ मळत होतीस आणि मी उंबऱ्याशी बसून रद्दी निवडत होते. नळाचं पाणी भरून झालं होतं, दारात सडा पडला होता, भांडी घासून पालथी घातली होती. खानावळीत द्यायच्या कडक भाकऱ्या तू आदल्या दिवशीच थापून, भाजून, फडक्यावर वाळवून ठेवायचीस. सकाळी फक्त त्यांची चळत कागदात बांधायची असायची, आणि कागदाचं काम माझ्याकडं होतं. रद्दीच्या गठ्ठ्यात काय नसायचं? वर्तमानपत्रं, शाळेच्या वह्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, कधीकधी घरगुती पत्रंसुद्धा. तुला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण छापलेलं कुठलं आणि हातानं लिहिलेलं कुठलं हे तू चुलीपाशी बसल्या जागेवरून ओळखायचीस. "छापल्यालं भाकरीला, लिवल्यालं चुलीत," एवढाच तुझा नियम. गल्लीत आणखी चार घरं भाकऱ्या विकायची, त्यांच्यात असलं काही नव्हतं. त्यांच्या भाकऱ्या कुणाच्याही आजाराच्या चिठ्ठीत, कुणाच्याही पत्रात गुंडाळून खानावळीत जायच्या. तू मात्र वहीचा चांगला जाड कागदही जाळायचीस, आणि मला ते नुकसान वाटायचं.

त्या दिवशी गठ्ठ्यात एक निळं आंतरदेशीय पत्र निघालं. मी अकरा वर्षांची. चौथीनंतर शाळा सुटली होती आणि वाचायची भूक तेवढी मागं राहिली होती. पत्र मांडीखाली सरकवलं आणि तू भाकरी उलटायला वाकलीस तसं उघडलं. कुठल्याशा नव्या सासुरवाशिणीनं आपल्या आईला लिहिलं होतं. "बाबांना सांग मी बरी आहे, तुला खरं सांगते," अशी सुरुवात होती. पुढं जे होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू मागं कधी येऊन उभी राहिलीस ते कळलं नाही. आईचा धपाटा पाठीत बसणार म्हणून मी खांदे आवळून घेतले. तू नुसता कागद काढून घेतलास, चुलीत घातलास आणि विचारलंस, "काय लिवलं हुतं?"

मी सांगायला तोंड उघडलं मात्र.

"सुम्म कुंदर!" गप्प बस म्हणून तू ओरडलीस. चिडलीस की तू कानडीत शिरायचीस. "मी इचारलं म्हनून लगीच सांगाय लागलीस? उद्या दुसरं कोन इचारल, त्यालाबी सांगशील." मग पिठाचे हात तसेच धरून, आवाज खाली आणून म्हणालीस, "ती पोरगी उद्या बाजारात समोर आली तर तुला तिचं समदं म्हाईत, आन् तिला तुझं काय बी म्हाईत न्हाय. ह्ये बरं हाय व्हय?"

बरं नव्हतंच. पण अव्वा, तुला तेव्हा न सांगितलेली गोष्ट अशी, की त्यानंतरही मी वाचत राहिले. फक्त पटकन वाचायला शिकले. चुलीपर्यंत चार पावलं होती, त्या चार पावलांत एक पान डोळ्यांखालून जायचं. वेडंवाकडं अक्षर, जोडाक्षरं, पुसलेली शाई, सगळं मला त्या जळायला निघालेल्या कागदांनी शिकवलं. लोक विचारतात, चौथी शिकलेली बाई वाचनालयातून जाडजाड पुस्तकं कशी आणते, तेव्हा मी हसते. परक्यांच्या घरात डोकावून शिकले, हे कसं सांगायचं?

तुझा संशयी स्वभाव मला त्या वयात आवडत नसे. अप्पा पेरणीला मैंदर्गीला गेलेले असायचे, आठ-आठ दिवस यायचे नाहीत. दारात कुणी आलं आणि "मालक हायत का?" असं विचारलं, की तू लगेच, "हायत की. मागं आंगुळ करायलेत." एकदा मी म्हटलं, "खोटं का बोलतीस गं?" तू शेंगा सोलत होतीस, मानही वर केली नाहीस. "घरात गडीमानूस न्हाय ह्ये त्याला सांगून मला काय मिळनार हाय?" म्हणालीस. घरातलं मीठ संपलं तरी शेजारी मागायला पाठवताना सांगायचीस, संपलंय म्हणू नको, डबा वर फळीवर हाय आन् हात पुरत न्हाय म्हन. मी मोठी झाल्यावर अशी होणार नाही, असं मी ठरवलं होतं. आणि खरंच नाही झाले. त्याचंच हे सगळं.

तुझे जावई दोन वर्षांपूर्वी गेले. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, मागाचा आवाज ऐकून बिघाड कुठं आहे ते सांगायचे, पण माणसाचा बिघाड त्यांना कधी ऐकू आला नाही. कुणावरही विश्वास. चहाच्या टपरीवर फोन उघडा ठेवून हात धुवायला जायचे. फोन म्हणजे तू पाहिलेला दुकानातला काळा, जड डबा नव्हे. आता तो तळहाताएवढा असतो आणि त्यात बोलणं, लिहिणं, फोटो, बँक, सगळं कोंबलेलं असतं. आम्ही दोघांनी ते फोन कोपऱ्यावरच्या एका दुकानातून घेतले. तिथल्या माणसाकडं एक लांब वही होती. गिऱ्हाईकाचा नंबर आणि त्यासमोर त्याचा पासवर्ड. "विसरलात तर या काका, माझ्याकडं लिवलेलं असतंय," असं तो म्हणायचा. सगळी पेठ त्याच्या वहीत होती. आम्हाला ती सोय वाटली! हे तर म्हणाले, "किती करतो बघ लोकांसाठी." तू असतीस तर त्या दुकानाच्या पायरीवरूनच मला ओढत परत नेलं असतंस.

हे गेल्यानंतर मला एक सवय लागली. रोज सकाळी चहा झाला की यांच्या नंबरवर लिहायचं. "अहो, आज पाचव्या दिवशी पाणी आलं." "अहो, शेंगाची चटणी जास्त कुटली, खाणारं कोण आहे?" यांचा फोन कपाटात पडून होता. सुरुवातीला मी तो चार्ज करून ठेवत होते, सिमकार्ड चालू ठेवत होते. मग बॅटरी फुगली, मुलगी म्हणाली आता कशाला, आणि मी सोडून दिलं. पण लिहिणं सोडलं नाही. आपण लिहिलेलं समोरच्याला पोचलं नाही, तर ओळीखाली एकच बारीक खूण येते. पोचलं की दोन. त्यानं वाचलं की त्या दोन खुणा निळ्या होतात. यांचा फोन बंद पडल्यापासून माझ्या सगळ्या ओळींखाली एकच खूण असायची. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजही येऊ नये, तसं. मला तेच हवं होतं. म्हणून मी काहीही लिहीत गेले. नातेपुत्याला मुलीकडं कधी जाणार, किती दिवस राहणार. किल्ली मीटरच्या पेटीवर ठेवलीय. बँकेचे कागद तांदळाच्या डब्यामागं आहेत. कार्डाचा गुप्त आकडा तुमच्या-माझ्या लग्नाच्या सालाचाच आहे, बदललेला नाही. हे ज्याला सांगत होते त्याला ते सगळं माहीतच होतं. तरी सांगायचं. नवरा-बायको दुसरं काय बोलतात?

आणि एक ओळ तसली नव्हती. ती यांच्या दुसऱ्या वर्षाच्या श्राद्धादिवशी लिहिली. दवाखान्यात दाखल केल्याच्या तेराव्या दिवशी दुपारी यांनी माझा पदर धरला आणि म्हणाले, आज जाऊ नको. मी तीन दिवस धड झोपले नव्हते, आंघोळ नव्हती. मी म्हटलं, "रोजचंच आहे तुमचं," आणि पदर सोडवून घेतला. घरी आले, आंघोळ केली, गरम भाकरी केली, पोटभर जेवले. चार वाजता परत गेले तर खाटेभोवती पडदा ओढलेला होता. हे मी मुलीलाही सांगितलेलं नाही. झोपेतच गेले, मी जवळ होते, असं सांगितलं. यांच्या नंबरवर मात्र सगळं लिहिलं. जेवले, हेसुद्धा.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका सकाळी चहाचा कप हातात धरून फोन उघडला, तर खुणा दोन झालेल्या. महिन्याभरातल्या सगळ्या ओळींखाली दोन. त्याआधीच्या जुन्या ओळी मात्र एका खुणेवरच थांबलेल्या; न पोचलेलं महिनाभरच राखून ठेवतात म्हणे. यांचा फोटो जाऊन तिथं नुसती राखाडी आकृती आली होती. मी बघत असताना खुणा निळ्या झाल्या. एकदम नाही, वरून खाली, जसं कुणी ओळ-ओळ वाचत उतरावं तसं. वाचणारी नजर त्या दुपारच्या ओळीपाशी आली आणि ती ओळही निळी झाली. चहाची साय कपाला चिकटली तरी मी तशीच बसले होते. उठून कपाट उघडलं. यांचा फोन होता तिथंच होता, फुगलेला, थंड.

त्यानंतर मी माणसांकडं बघायला लागले. दुकानातल्या त्या वहीवाल्याकडं पहिल्यांदा. त्यानं, "काय मावशी, बरं हाय ना?" विचारलं तर मला वाटलं, का विचारतोय? भाजीवाला म्हणाला, "नातेपुत्याला न्हाय गेला अजून?" याला कुणी सांगितलं? घरी येऊन आठवलं, मागच्या आठवड्यात मीच सांगितलं होतं. शेजारी विणकराचं तेलुगू घर आहे. ती बाई वीस वर्षं मला अक्का म्हणते, आषाढात त्यांचा देवीचा बोनाल सण झाला की ताट पाठवते. ती मीटरच्या पेटीजवळ झाडू मारत होती, तर मी दाराआडून तिचे हात बघत राहिले. माझ्या जावयावरसुद्धा संशय घेऊन झाला, अव्वा. फोनमधलं त्याला फार कळतं, म्हणून. इतकी माणसं आणि एकाच्याही तोंडाकडं सरळ बघता येईना. त्यांच्यातल्या कुणाला तरी माझी ती दुपार माहीत आहे, आणि कुणाला ते मला माहीत नाही. तू चुलीपाशी उभी राहून म्हणाली होतीस तेच. फक्त आता बाजारात समोरून येणारी ती पोरगी मी होते.

मग बँकेत गेले. कागद नव्यानं भरून द्यायचे होते. खिडकीतली मुलगी बोलायला गोड होती. "काकू, मोबाइलवर ओटीपी आला असेल, तो सांगा." ओटीपी म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, तो ज्याच्याकडं आला त्याला बँक मालक समजते. माझ्या फोनवर काही आलं नाही. तिनं पुन्हा पाठवला. पुन्हा नाही. "शेवटचे चार आकडे बघा," म्हणून तिनं वाचून दाखवले. यांच्या नंबरचे.

"हा नंबर कुणाचा?"

"मालकांचा."

"मग त्यांना फोन लावून विचारा ना. दहा मिनिटंच चालतो ओटीपी."

मागं रांग होती. मी म्हटलं, "ते गावाला गेलेत."

"मग आल्यावर दोघं मिळून या. त्यांची सहीपण लागेल," ती हसून म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी बाहेर पायरीवर येऊन बसले. दोन वर्षं मृत्यूचा दाखला घरात पडून आहे. ना बँकेत दिला, ना गॅसच्या दुकानात, कुठंच नाही. सगळीकडं यांचं नाव आणि यांचा नंबर तसाच. लोकांना वाटलं मला कामं जमत नाहीत. मला कामं जमतात.

घरी येऊन मुलीला फोन केला. ती नातेपुत्याच्या शाळेत शिकवते, माझ्याशीही वर्गात बोलावं तशी बोलते.

"आई, दोनदा ओटीपी त्या नंबरवर गेला? दोनदा? आणि तो नंबर कुणाकडं आहे?"

"तेच तर कळत नाही."

"अगं, बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला विकते की! फोन कपाटात असून काय उपयोग? नंबर गेला म्हणजे गेला. त्यावर तू काय काय लिहिलंस?"

मी किल्लीचं सांगितलं. कार्डाच्या आकड्याचं सांगितलं. बँकेच्या कागदांचं सांगितलं. मग ती म्हणाली, "चोराला घरचा नकाशा काढून दिलास, वर पाण्याची वेळपण कळवलीस. चहा तेवढा ठेवायचा राहिला." आणखी काय लिहिलंस, असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, बाकी काही नाही, चटणीचं वगैरे.

मला धीर निघेना. म्हणून मी एक उद्योग केला, तो मुलीला विचारला असता तर करू दिला नसता. यांच्या नंबरवर लिहिलं, "अहो, मी उद्या सकाळच्या गाडीनं नातेपुत्याला निघते. चार दिवस येत नाही. किल्ली नेहमीच्या जागी आहे." खुणा लगेच निळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली मीटरच्या पेटीवर ठेवली, वळसा घालून मागच्या दारानं आत आले आणि कडी लावून बसले. हातात शेंगा कुटायचा लोखंडी बत्ता. मांडीवर वाचनालयाचं पुस्तक. दहाला बसले ते बारापर्यंत एकच पान वाचत होते. मला त्याचं तोंड बघायचं होतं, अव्वा. चोरी केली तर करू दे, पण तोंड दिसू दे. मग मला त्याचं काहीतरी माहीत झालं असतं.

साडेबाराला बाहेर पावलं वाजली. मीटरच्या पेटीचा पत्रा वाजला. किल्ली खणकली. मी उठून दाराच्या आड उभी राहिले, बत्ता उचलला आणि ओरडले, "कोण आहे?"

बाहेर एक किंकाळी. मग, "अय्यो! अक्का? तू आत हाय?"

शेजारीण. मी खिडकी उघडली. तिच्या हातात माझी किल्ली.

"किल्ली कशाला घेतलीस?"

"तुझ्या मुलीनं फोन केला की परवा! आईची किल्ली तिथनं काढ, तुझ्याकडं ठेव म्हणून. काल दोनदा बघितलं, किल्ली नाही. आज दिसली." मग तिची नजर बत्त्यावर गेली. "बाहेरनं कुलूप लावून आत बसलीस? जावई येणार म्हणून लपलीस काय? का मला मारायला?"

मी म्हटलं, "उंदीर झालेत." तिनं कुलपाकडं बघितलं, बत्त्याकडं बघितलं. "मोठा असंल उंदीर," म्हणाली. मग तिनंच कुलूप काढलं आणि ताक आणून दिलं. वीस वर्षं शेजारी राहणाऱ्या बाईच्या डोक्यात मी बत्ता घालणार होते. ताक प्यायलं जाईना.

तिथं बसलेलो असतानाच फोन वाजला. यांच्या नंबरवरून निरोप आला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूनं काहीतरी आलं होतं. शेजारीण बघत होती, म्हणून फोन पालथा ठेवला आणि ती गेल्यावर वाचला. जसा होता तसा उतरवते. "मावशी किल्ली तिथं ठेवत जाऊ नका. जागा बदला. बँकेचे आकडेपण माझ्याकडं येतात तेव्हा बँकेत जाऊन नंबर बदलून घ्या. मी कुणाला काही सांगितलं नाही. आधीच सांगायला पाहिजे होतं पण मग तुम्ही लिहायचं बंद केलं असतं म्हणून नाही बोलले."

मी तो निदान तीसदा वाचला. "बोलले" असं लिहिलंय, म्हणजे बाई असावी. पण बाईसारखं लिहायला काय लागतं? मावशी म्हणते, पण बाजारात सगळेच मावशी म्हणतात. मुलीला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "असाच विश्वास कमावतात हे लोक. आधी चांगलं बोलायचं, मग हळूच आत शिरायचं. उत्तर देऊ नको. ब्लॉक कर. उद्या बँक उघडली की दारात उभी राहा." तिचं बरोबर असेल. तुझंही तेच म्हणणं झालं असतं. आणि खरंच ती चांगली बाई असली, तरी मला त्यानं काय सुटतं? तिनं किल्लीबद्दल लिहिलं, बँकेबद्दल लिहिलं. त्या दुपारबद्दल एक शब्द नाही. वाचलंय तर नक्की, खूण निळी आहे. मग का नाही लिहिलं? दया आली म्हणून, की पुढं कधीतरी वापरायला ठेवलं म्हणून? किल्लीची जागा बदलता येते, कार्डाचा आकडा बदलता येतो. ती दुपार कुठल्या खिडकीवर अर्ज देऊन बदलायची? ते एक आता तिचंही आहे, ती ठेवेल तिथं ते राहणार, आणि मला कधी कळणार नाही कुठं.

मी रागावून विचार करत होते, परक्याचं वाचायला लाज कशी वाटली नाही. मग ते निळं पत्र आठवलं आणि राग धरता आला नाही. त्या सासुरवाशिणीचं मी कुणाला सांगितलं नाही, हे खरं. पण तिला ते कुठं माहीत होतं? ती जन्मभर निर्धास्त राहिली असेल, कारण आपलं पत्र रद्दीत गेलं आणि एका पोरीनं ते वाचलं, हे तिच्या कानावर गेलंच नाही. मला निदान निळ्या खुणा दिसल्या. बरं कशात आहे, दिसण्यात की न दिसण्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं न लिहिण्यात आहे. पण तुला लिहिताच येत नव्हतं, अव्वा. तुला तो मोहच माहीत नव्हता. अप्पा गेल्यावर तू कुणाशी बोलत होतीस, हे मी कधी विचारलं नाही.

हे कागदावर लिहिते आहे ते म्हणूनच. तुझ्याकडं टपाल जात नाही, आणि जात असतं तरी तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, म्हणजे आणखी एक माणूस मध्ये आला. हे कुठंच जायचं नाही. फक्त मुलीला जे सांगितलं नाही ते इथं लिहून ठेवते. तिला वाटतं, खुणा निळ्या झाल्या त्या दिवशी मी घाबरून लिहायचं थांबवलं, आणि नंतर लिहिलं ते एकदाच, सापळा लावायला. तसं नाही. त्या पहिल्या सकाळनंतर मी अकरा दिवस रोज लिहीत होते. पाण्याचं, चटणीचं, गुडघ्याचं. परकं कुणीतरी वाचतंय हे पक्कं माहीत असून. सकाळी लिहायचं आणि ओळ निळी होईपर्यंत फोन खाली ठेवायचा नाही. भाजीवाल्यावर, शेजारणीवर, जावयावर संशय घेत फिरत होते त्याच अकरा दिवसांतली ही गोष्ट. दोन वर्षांनी कुणीतरी वाचत होतं.

त्या निरोपाच्या दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी मी दारात उभी राहिले आणि खिडकीतल्या त्याच मुलीपुढं यांच्या मृत्यूचा दाखला ठेवला. यांचा नंबर काढून माझा घातला, कार्डाचा आकडा बदलला, तिथून गॅसच्या दुकानात गेले, येताना नवीन कुलूप घेतलं. घरी येऊन त्या नंबरवर लिहिलं, "हा नंबर माझ्या मालकांचा होता. ते वारले." आणि खुणा निळ्या व्हायची वाट न बघता नंबर ब्लॉक केला.